जयमालाची सून

सुलतानपुरात वंदनाला ‘डबेवाली’ हे नाव पडलं ते संक्रांतीत. त्याआधी ती नुसती राजकुमारची बायको होती. राजकुमारचं लोणारच्या बसस्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान. सकाळच्या एसटीनं तो जायचा, दिवेलागणीला परत यायचा, जेवायचा आणि झोपायचा. मधल्या वेळात घरी उरायच्या दोघी, वंदना आणि तिची सासू शालूबाई. या सासू-सुनेचं कधी भांडण झालेलं शेजारच्या केसरबाईनंही ऐकलं नव्हतं, आणि केसरबाईचे कान गावात नावाजलेले होते. भांडण नव्हतं, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. शालूबाई काही सांगू लागल्या की वंदना ‘हं’ म्हणायची. एवढ्या एका अक्षरावर लग्नानंतरची सगळी वर्षं निभावली होती.

वंदना मनानं वाईट नव्हती. बारावी झालेली, बचत गटाच्या कामानं बाहेरची हवा लागलेली, आणि घरात बसलं की आपण हळूहळू भांड्यांच्या मांडणीत ठेवल्या जातोय असं वाटणारी. म्हणून मेहकरला कुठल्याशा कंपनीनं ‘बोलक्या महिला पाहिजेत’ म्हणून बैठक ठेवली, तेव्हा गटातल्या बायांना न सांगता ती एकटीच गेली.

कंपनीचं एक ॲप होतं, ‘मनमोकळं’. फक्त बायांसाठी. बाईनं आपल्या मनातलं त्यावर सांगायचं, बाकीच्या बायांनी ते वाचायचं, आवडलं तर लाल बदाम दाबायचा. लिहिता येत नसेल तर बोलायचं; माइकच्या खुणेवर बोट ठेवून बोललं की ॲप आपोआप लिहून घ्यायचं आणि बोट उचललं की मजकूर पुढे जायचा. मागं लावलेल्या कापडी फलकावर लिहिलं होतं, ‘बोला, मोकळ्या व्हा. कायम मोफत.’ जिल्ह्याचं काम बघणारा प्रसेनजित बुलढाण्याहून आला होता. एमबीए केलेला, सभ्य मुलगा. आधी सगळ्या बायांना चहा मिळाला का ते विचारून मगच बोलायला उभा राहिला. कंपनी बायांकडून एक रुपयासुद्धा घेत नाही, पुढेही घेणार नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं.

वंदनानं हात वर केला. “मग कंपनी खाते काय?”

प्रसेनजितला प्रश्न आवडला. जाहिराती, तो म्हणाला. बाई जितका वेळ ॲपवर रमेल तितक्या जाहिराती तिच्या डोळ्यांखालून जातील. शिवाय ती काय बोलते, कशावर हसते, कुठं थबकते, यावरून कुणाला काय दाखवायचं तेही कंपनीला कळत जाईल. ज्याला काही विकायचंय तो त्याचे पैसे देतो.

“म्हणजे बाया आपलं गिऱ्हाईक नाही,” वंदना म्हणाली.

“नाही ताई. गिऱ्हाईक जाहिरातवाले.”

“मग बाया कोण?”

प्रसेनजितला शिकवलेल्यात याचंही उत्तर होतं. “बाया आपला परिवार,” तो म्हणाला.

वंदनाला ते पटलं. परिवाराला कुणी पगार देत नाही, हे तिला घरच्या अनुभवावरून माहीत होतं. तिला मात्र पगार मिळणार होता. लोणार तालुक्याच्या पूर्वेकडची गावं तिच्याकडे आली, आणि गावातल्या जितक्या बाया रोज ॲप उघडतील त्या मानानं तिचा हिशोब ठरला.

फुकटची वस्तू केवळ फुकट आहे म्हणून कुणी घेत नाही. तिच्यासोबत आणखी काहीतरी फुकट द्यावं लागतं. हे कंपनीला चांगलं ठाऊक होतं. दहा बाया जोडणाऱ्या बाईला स्टीलचा एक डबा, कडीचा, झाकणावर ‘मनमोकळं’ कोरलेला. संक्रांत तोंडावर होती. वंदनानं हे डबे वाणाला लावले आणि गावात हळदी-कुंकवाला जी गर्दी झाली ती आमदाराच्या सभेलाही होत नाही. बुद्धविहाराचं काम बघणाऱ्या महामायाताईंनी तिथल्या बायांच्या बैठकीत तिला दहा मिनिटं बोलू दिलं. तिथं हळदी-कुंकू नव्हतं, पण डबा डबाच होता. निम्म्या बायांना ॲप काय आहे ते कळलं नाही. डबा सगळ्यांना कळला.

केसरबाईच्या दहांत एक बाई कमी पडत होती आणि ती डब्यासाठी ओट्यावर ठाण मांडून बसली होती. वंदनाला एसटी गाठायची होती. तिनं खुंटीला पिशवीत अडकवलेला सासूचा मोबाइल काढला. राजकुमारनं दुकानातला एक जुना फोन आईला कीर्तनं ऐकायला दिला होता, तो. त्यात ॲप घातलं. घरचंच माणूस भरलं असं दिसू नये म्हणून नावाच्या जागी मनात आलं ते ‘जयमाला’ टाकलं, अटी न वाचता ‘मान्य आहे’ दाबलं, आणि झालं. शालूबाई दारात उभ्या होत्या. हे काय टाकलं, असं त्यांनी विचारलं.

“इथं बोट ठेवून बोलाचं, आत्याबाई. मन मोकळं होते,” वंदना चप्पल घालता घालता म्हणाली आणि गेली. एसटीत बसेपर्यंत टाकलेलं नाव ती विसरलीही होती.

पुढच्या महिन्यात डबे डाळी-तांदळानं भरले आणि ॲप ओस पडलं. काही बायांनी ते काढून टाकलं, कारण फोनमध्ये नातवाचे फोटो मावेनात. ज्यांनी ठेवलं त्या सकाळी फुलांची चित्रं टाकायच्या, ‘शुभ सकाळ’ म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. मन कुणी मोकळं करत नव्हतं. करणार तरी कसं. वाचणाऱ्या सगळ्या ओळखीच्या. वंदनाचा आकडा घसरत चालला आणि प्रसेनजितचे फोन वाढत चालले. ‘ताई, आपल्याकडे बायांना दुःख नाही का हो?’ असं त्यानं एकदा फार काळजीनं विचारलं.

आणि मग कुणीतरी जयमाला नावाची बाई बोलू लागली.

तिचं पहिलंच लिहिणं वंदनाला वाचलेलं आठवत होतं. ‘माझी सून चहा करते. त्या चहातून बशीचा तळ दिसतो. मी काही म्हणत नाही. म्हातारपणी नजर शाबूत आहे, एवढं तर कळतं.’ दुसऱ्या दिवशी, ‘आज सुनेला म्हणाले, गुडघा दुखतो. ती म्हणाली, हं. गुडघ्याला बरं वाटलं असेल.’ आणि तिसऱ्या दिवशी जे आलं त्यानं तालुकाभर धमाल उडवली: ‘मावशीला सरकीची ढेप घातली. मावशीनं मला शेपूट मारलं. तरी या घरात माझ्याकडे मान वळवून बघणारी मावशी एकटीच.’

भाषा अशी स्वच्छ की ही बाई पुण्याची, नाहीतर निदान निवृत्त मास्तरीण, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं. मावशी कोण यावर वाद झाले. कुणी म्हणालं विहीण असेल, कुणी म्हणालं जाऊ. ढेप खाणारी, शेपूट मारणारी, दिवसभर रवंथ करणारी ही मावशी ज्या बाईला सुचली तिच्या डोक्याची कमाल आहे, यावर मात्र एकमत होतं. हरभरा सोंगताना, नळावर, एसटीत बाया जयमालाचीच वाक्यं एकमेकींना ऐकवू लागल्या. ज्यांनी ॲप काढून टाकलं होतं त्यांनी डबा न मागता परत घातलं.

वंदना या जयमालावर खूश होती. रोज सकाळी ती जयमालाचं लिहिणं पंधरा गावांच्या गटांत पाठवायची. एकदा तर तिनं स्वतःच्या नावानं खाली लिहिलं, ‘ताई, तुमच्या जागी मी असते तर अशा सुनेला माहेरी धाडलं असतं.’ त्याला खूप बदाम आले.

प्रसेनजितनं तिला फोनवर सगळं उलगडून सांगितलं. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच आनंद होता. सासवा जयमालाला वाचतात कारण ती त्यांचंच बोलते. सुना वाचतात कारण त्यांना खात्री करून घ्यायची असते की हे आपल्याबद्दल नाही. आता कोणती बाई सासू आणि कोणती सून हे कंपनीला न विचारता कळतं. सासवांना गुडघ्याच्या तेलाची जाहिरात जाते. सुनांना मेहकर रोडच्या प्लॉटची जाते, ‘तुमचा स्वतंत्र संसार, सुलभ हप्त्यांत’. तेलवाला खूश, प्लॉटवाला खूश.

फाल्गुनातली गोष्ट. वंदना लोणारहून परतत होती. एसटीत शेजारी एक अनोळखी बाई फोन बघून एकटीच हसत होती. वंदनानं कौतुकानं विचारलं, जयमालाच ना? बाई म्हणाली हाव, आणि मोठ्यानं वाचूनच दाखवू लागली. ‘काल पहाटे मावशी व्यायली. वगार झाली, कपाळावर पांढरा चांद. मी एकटीच होते. सुनेला उठवून सांगितलं, तर ती कुशीवर वळून हं म्हणाली. सून गावोगाव बायांना बोलतं करत फिरते. घरात बोलायला तिला एसटी मिळत नाही.’

शेजारची बाई डोळे पुसत हसली. वंदना खिडकीबाहेर बघत राहिली. काल पहाटे त्यांची म्हैस व्यायली होती. वगार झाली होती. कपाळावरचा चांद तिनं सकाळी गोठ्यात डोकावून पाहिला होता. आणि कुशीवर वळून ती काय म्हणाली होती, हे तिला आता चांगलंच आठवलं.

मग बाकीचं आपोआप उलगडत गेलं. जयमाला हे नाव तिनं स्वतःच्या बोटांनी टाकलं होतं. सासू बोलत होती ती आपल्या वऱ्हाडीत. फोन ते स्वतःच्या शहाणपणानं शुद्ध करून लिहीत होता. मलेचं मला, तुलेचं तुला. ‘म्हशीले’ त्याला कळेना, म्हणून त्यानं मावशी केली होती. आणि माहेरी धाडण्याजोगी ती सून म्हणजे आपणच; तिचे गुण पंधरा गावांना तिनं स्वतः कळवले होते.

घरी आली तेव्हा शालूबाई परातीत ज्वारीचं पीठ मळत होत्या. वंदना उंबऱ्यात उभी राहिली. रागानं तिचे कान तापले होते. पण बोलणार काय? ‘तुम्ही हे का सांगितलं,’ असं विचारायचं तर ‘मी ते तालुकाभर का पाठवलं’ हेही आलंच. ती हातपाय धुवायला गेली. त्याच संध्याकाळी प्रसेनजितचा फोन आला. लोणार तालुका विभागात पहिला आला होता. असंच आणखी दोन महिने चाललं तर वंदनाताई तालुकाप्रमुख, पक्क्या पगारावर. सगळं श्रेय जयमालाचं, तो म्हणाला, पण अशी बाई शोधून आणणाऱ्या तुम्ही. वंदनानं त्याला विरोध केला नाही.

त्या दिवसापासून तिनं ठरवलं की आपल्याबद्दल वाईट बोलायला जागाच ठेवायची नाही. चहात दूध वाढलं, साखर वाढली, वर विलायची पडली. सकाळी ती गोठ्यात जाऊन वगारीची विचारपूस करू लागली. सासू बोलू लागली की फोन पालथा ठेवू लागली. एके दुपारी तर तिनं शालूबाईंचा गुडघा शेकून दिला. शालूबाई आधी बिचकल्या, मग सैलावल्या. आपल्या माहेरी रोहिणखेडला जुन्या मशिदीच्या मागं चिंचा पाडायला कशा जायच्या, हे त्यांनी सुनेला पहिल्यांदाच सांगितलं. राजकुमारनं घरात काहीतरी बदललंय हे ओळखलं, पण काय ते न कळल्यानं त्यानं दोन दिवस जपून वागायचं ठरवलं.

घरात सुख आलं आणि जयमाला गप्प झाली.

सांगायलाच काही उरलं नव्हतं. आठवडा गेला, बाया विचारू लागल्या. कुणी म्हणालं सुनेनं फोन हिसकला, कुणी म्हणालं म्हातारी गेली. मग त्यांनी वाट बघणं सोडलं, ॲप उघडणं सोडलं आणि आकडा पुन्हा उताराला लागला. तेलवाल्यानं कंपनीला खोदून विचारलं, कंपनीनं प्रसेनजितला, प्रसेनजितनं वंदनाला. या जयमालाला शोधा, तिच्या घरी काय झालंय ते बघा, असं तो कळवळून म्हणाला. तिच्या घरी सगळं बरं झालंय, हे वंदना त्याला सांगू शकत नव्हती.

चार दिवस तिनं मनाशी झगडा केला. पाचव्या दिवशी चहात पाणी वाढवलं.

कप सासूच्या हातात देताना तिला लाज वाटली. शालूबाईंनी कपात बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि चहा पिऊन टाकला. दुपारी जयमाला परत आली. ‘सुनेचा हात पुन्हा आखडला. देव चार दिवस दाखवतो आणि झाकण लावतो.’ तालुका उसळला. बाया एकमेकींना फोन करून सांगत होत्या की म्हातारी जिवंत आहे. मग वंदनाला थांबता येईना. ती ‘हं’ पुन्हा म्हणू लागली, फक्त आता ते तिला मुद्दाम, नेम धरून म्हणावं लागायचं. जेवायला दोन हाका घालायच्या तिथं एकच घालू लागली. वगारीकडे बघायची इच्छा झाली की सासू ओट्यावर जाईपर्यंत थांबायची. पूर्वी वाईट वागायला काही कष्ट पडत नव्हते. आता प्रत्येक गोष्ट आठवणीनं करावी लागे, आणि झोपताना अंग दुखायचं.

एके दुपारी प्रसेनजित आगाऊ न कळवता सुलतानपुरात येऊन ठेपला. कंपनीनं चैत्रात लोणारच्या मंगल कार्यालयात मोठा महिला मेळावा ठेवला होता, तेलवाला सगळा खर्च उचलणार होता, आणि त्याची अट एकच होती: जयमाला व्यासपीठावर पाहिजे, हातात बाटली घेऊन. प्रसेनजितनं आवाज उतरवून सांगितलं की कंपनीच्या पुण्यातल्या मुख्य कचेरीनं फोनची जागा काढलीय. जयमाला सुलतानपुरातच आहे. याच गल्लीत. याच्याहून बारीक त्यानं सांगितलं नाही, पण त्याची नजर घरभर फिरून खुंटीवरच्या पिशवीवर येऊन थांबली. बाई कुठं बसून बोलते हेही कंपनीला कळतं, हे मेहकरच्या बैठकीत कुणी सांगितलं नव्हतं.

शालूबाई पाणी घेऊन आल्या. प्रसेनजित उठून उभा राहिला, नमस्कार करून त्यानं विचारलं, आजी, या आळीत जयमाला नावाचं कुणी राहतं का?

“नाई बाप्पा,” शालूबाई म्हणाल्या. “त्या नावाचं इथं कोनी नाई.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना ते नाव माहीतच नव्हतं, हे वंदनाला त्यांच्या चेहऱ्यावरून त्या क्षणी कळलं.

प्रसेनजित गेल्यावर शालूबाई चुलीजवळच्या पाटावर बसल्या. वंदना भांडी आवरायचं निमित्त करत होती.

“वंदना,” त्या म्हणाल्या. “तू चहात पानी काऊन वाढवून राह्यली? मधात चांगला करत होती. माह्यं काई चुकलं का?”

वंदनानं हातातलं भांडं खाली ठेवलं. तिनं सगळं सांगितलं. बोट ठेवून बोललेलं कुठं जातं, ते कोण कोण वाचतं, जयमाला कोण, चहा चांगला का झाला आणि परत पातळ का झाला. शालूबाई ऐकत होत्या. त्यांना एवढंच माहीत होतं की दुपारी घरात चिटपाखरू नसतं, तेव्हा गोठ्यात म्हशीपाशी बसून फोनला सांगितलं की तो ऐकतो. मधूनच तेलाची बाटली दाखवतो, पण ऐकतो. लाल लाल बदाम येतात, म्हणजे ऐकल्याची खूण. त्याच्या पलीकडे कुणी बसलंय, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यांनी चुलीतली राख सारखी केली. मग म्हणाल्या, “बाया हासल्या का?”

“हासल्या.”

“कोनाले? मले का तुले?”

“दोघींलेही, आत्याबाई.”

शालूबाईंनी पदर सारखा केला. “आन् ते तेलवाले?”

वंदनानं तेही सांगितलं, प्लॉटवाल्यासकट. शालूबाईंनी सगळं नीट समजून घेतलं.

“म्हंजे रडाचं आपन,” त्या शेवटी म्हणाल्या, “आन् इकाचं त्यायनं. काढून टाक ते.”

वंदनानं सासूच्या देखत ॲप काढून टाकलं. मग प्रसेनजितला फोन करून खरं काय ते सांगितलं, आणि जयमालाचं खातं बंद करा, आधीचं सगळं पुसून टाका म्हणून विनवलं. प्रसेनजित मनापासून ओशाळला. पण पुण्याला विचारून त्यानं जो निरोप आणला तो वेगळा होता. फोनमधून ॲप गेलं म्हणून जयमाला जात नाही. जे बोललं गेलं ते वापरायचा हक्क कंपनीचा. तसं अटींत लिहिलेलं आहे आणि त्या मान्य केलेल्या आहेत. ‘तुम्हीच दाबलं होतं ना ताई,’ तो हळूच म्हणाला. तिचं तालुकाप्रमुख होणं मात्र आता थोडं पुढे गेलं होतं.

दोनच दिवसांत जयमाला पुन्हा बोलू लागली. तिच्या सुनेनं आता भरलं ताट भिंतीवर भिरकावलं होतं.

मेळाव्याला वंदनाला जाणं भागच होतं, आणि मी येते म्हणून शालूबाईंनीच नवं लुगडं काढलं. त्या नावानं कोण बाई उभी राहते ते त्यांना बघायचं होतं. मंगल कार्यालय गच्च भरलेलं. प्रसेनजितनं दोघींना मागच्या रांगेत बसवलं आणि नजर चुकवून तो पुढे गेला. जयमाला म्हणून जी आली ती जरीकाठी साडीतली, भरल्या अंगाची, नाटकात कामं केलेली बाई होती. तिनं तेलाची बाटली छातीशी धरली आणि सुनेची कहाणी सांगितली. ताट भिरकावलं, चष्मा फोडला, नातवाला आजीजवळ येऊ देत नाही. सगळं कार्यालय मुसमुसत होतं. मग तिनं डोळे टिपून आपल्या विधवा मावशीचं सांगितलं, जी या घरात तिचा एकमेव आधार होती.

“हे मावशी कोन्ती?” शालूबाईंनी कुजबुजत विचारलं.

“आपली म्हस,” वंदना म्हणाली.

हे मात्र तिनं सासूला सांगितलंच नव्हतं. शालूबाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. पुढच्या रांगेतल्या बायांनी वळून बघितलं. त्यांना वाटलं, म्हातारीला रडू आवरत नाही. वंदनालाही आवरेना. दोघी एकमेकींना धरून कितीतरी वेळ हलत राहिल्या.

परतीच्या एसटीत शालूबाई खिडकीशी बसल्या. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, त्या बाईची सून लय वंगाळ आहे. वंदनानं समजावलं की तशी सूनच नाही, ते सगळं पुण्यात बसून कुणीतरी लिहितं. शालूबाईंनी मान डोलावली. ते त्यांनाही कळत होतं.

“खोटं असंल,” त्या म्हणाल्या. “पन त्या पोराले आजीजवळ येऊ देते का नाई, ते समजाले पाह्यजे ना.”

म्हणून ॲप पुन्हा आलं, या वेळी शालूबाईंच्या खऱ्या नावानं आणि त्यांच्या खुशीनं. दुपारचं फिरणं वंदनानं सकाळवर आणलं. जेवणं आटोपली की दोघी गोठ्याच्या सावलीत बसतात आणि वंदना जयमालाचं नवं लिहिणं वाचून दाखवते. मध्ये तेलाची जाहिरात येते. ती पुढे ढकलता येते हे वंदनाला माहीत आहे, पण शालूबाईंना बाटलीवरची बाई आवडते, त्यामुळे दोघी जाहिरात पूर्ण बघतात. एक बाटली घरात आलीही आहे. गुडघ्याला त्या तेलानं फरक पडला की वंदनाच्या चोळण्यानं, हे सांगणं अवघड आहे. सुलतानपुरातल्या बाया आता आधीपेक्षा जास्त वेळ ॲपवर असतात, असं प्रसेनजित सांगतो. त्याला पुण्याहून शाबासकीचं पत्र आलं.

नुसतं ऐकून शालूबाईंचं भागत नाही. जयमाला चुकतेय असं वाटलं की त्या बोट ठेवून तिला चार शब्द सुनावतात. सुनेशी असं तोडून बोलू नको, नातवाले अंगणात खेळायच्या मिषानं बोलाव, ताट भिरकावलं तर तू उचलू नको, तसंच राहू दे, मुंग्या लागल्या की तिलेच कळंल. फोन ते शुद्ध करून लिहितो आणि खाली बदामांचा पाऊस पडतो. दोन-तीन दिवसांनी पुण्याची जयमाला अगदी तसंच करते. ताट तसंच पडू देते, मुंग्या लागतात, सून रडते. आता पुढं काय घडवायचं याचा विचार शालूबाई दळण निवडतानाही करत असतात.

वंदनाला हा प्रकार पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा तिनं सासूला सांगायचं ठरवलं, की आत्याबाई, तुम्ही परत त्यांचं काम फुकटात करून राह्यल्या. पण शालूबाई त्या दुपारी फार समाधानात होत्या.

“पाह्यलं का,” त्या म्हणाल्या, “जयमालाबाई आपलं आयकते.”

“हाव, आत्याबाई,” वंदना म्हणाली, आणि पुढचं वाचायला घेतलं.